कुर्ल्याची गाडी, उत्तरपाड्याचं फाटक

गेल्या भागानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून एकच प्रश्न आला. "वडिलांची पद्मिनी अजून दारात उभी आहे. एकट्यानं लांब नेता येईल का?" उत्तर देतो, पण आधी थोडा इतिहास. कारण उत्तर त्यातच आहे.

१९४२ साली बिर्लांनी गुजरातेत ओखा बंदराला हिंदुस्थान मोटर्स सुरू केली. १९४८ मध्ये ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, बाहेरून सुटे भाग आणून नुसते जोडायचे नाहीत, गाडी इथंच बनवायची. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मैदानात उरल्या मोजक्या कंपन्या. मॉरिस ऑक्सफर्डची झाली अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट ११०० ची पुढे पद्मिनी.

याचा तोटा आपल्या आईवडिलांनी भोगलाय. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची! पण एक फायदाही झाला, जो कुणी ठरवून केलेला नव्हता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत देशभर फिरत होती तीच दोन-तीन इंजिनं. म्हणून जळगाव असो की संबळपूर, झाडाखाली बसलेल्या मिस्त्रीला तुमची गाडी आतून-बाहेरून ठाऊक असायची. एकटा माणूस निर्धास्त निघायचा तो या मिस्त्रीच्या भरवशावर.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी १९८६ ची पद्मिनी घेऊन मुंबईहून निघालो. ठरवलं होतं, कुर्ल्यात जन्मलेली गाडी उत्तरपाड्याच्या दारात न्यायची. धुळ्याला जुना सहा नंबरचा हायवे धरला. पुढे अकोला, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर. एकूण सुमारे २००० किलोमीटर.

अकोल्याच्या अलीकडे भर उन्हात गाडी बंद पडली. यात पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. तो फार तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. इलाज सोपा. पंपावर ओलं फडकं टाका, सावलीत चहा प्या, अर्ध्या तासानं किल्ली फिरवा. झालं!

खरी गोष्ट घडली ती संबळपूरच्या पुढे. गाडी झटके खाऊ लागली. एका गॅरेजमधल्या तरुण मुलानं बॉनेट उघडलं, बघितलं आणि आजोबांना हाक मारली. आजोबांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पॉइंट काचकागदानं घासले, फट नजरेनंच बसवली. दहा मिनिटांत इंजिन गुणगुणायला लागलं. पैसे देताना ते हिंदीत म्हणाले, "पोराला स्कॅनर येतो, पॉइंट येत नाहीत. त्याला शिकवून करू काय? अशी गाडी येते कुठे?"

पाचव्या दिवशी उत्तरपाड्याला पोचलो. हिंदमोटर नावाचं रेल्वे स्टेशन आहे, गाड्या थांबतात. कारखान्याचं फाटक मात्र बंद. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबलं. इकडे मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात, २० वर्षांची मुदत भरल्यावर रस्त्यावरून उतरली.

मला वाईट कारखान्यांचं वाटलं नाही. कारखाने उघडतात, बंद होतात. वाईट वाटलं त्या आजोबांच्या बोटांतल्या अंदाजाचं. तो कुठल्या वहीत लिहिलेला नाही.

तर मंडळी, उत्तर असं. जरूर जा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी आणि फिटनेस आधी करून घ्या. दिल्लीकडे जाणार असाल तर जुन्या गाड्यांचे तिथले चालू नियम तपासा. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि पंपाचा पडदा ठेवा. आणि निघण्याआधी एक रविवार आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्रीजवळ बसून पॉइंट बसवायला शिका. वाटेत तुम्हाला उपयोग होईल. आणि त्यांनाही बरं वाटेल, कुणीतरी विचारायला आलं म्हणून.

भेटूया पुढच्या भागात.