नॅशनल लिबरल क्लब

नॅशनल लिबरल क्लब : लंडनमधील एक ऐतिहासिक खासगी सभासद-क्लब. स्थापना १८८२. व्हाइटहॉल प्लेस या रस्त्यावर, थेम्स नदीच्या काठाला लागून असलेली त्याची वास्तू १८८७ मध्ये खुली झाली. ब्रिटनच्या लिबरल पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी हा क्लब काढण्यात आला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील क्लब-वास्तूंचा भव्य नमुना म्हणून, तसेच दादाभाई नवरोजी व गोपाळ कृष्ण गोखले या भारतीय नेत्यांशी आलेल्या संबंधामुळे तो उल्लेखनीय ठरतो.

पार्श्वभूमी व स्थापना : एकोणिसाव्या शतकात लंडनमधील पॅल मॅल व सेंट जेम्स या भागांत उमराव, संसद-सदस्य, लष्करी अधिकारी आणि विद्वान यांचे स्वतंत्र क्लब होते. लिबरल मताच्या मंडळींसाठी ब्रुक्स आणि रिफॉर्म हे जुने क्लब होते. पण त्यांत प्रवेशाला ओळख लागे, वर्गणी भारी असे आणि वाट पाहण्यात वर्षे जात. १८६७ च्या मताधिकार सुधारणा कायद्याने मतदारांची संख्या एकदम वाढली आणि प्रांतोप्रांतीच्या शहरांत पक्षाच्या स्थानिक शाखा उभ्या राहिल्या. या शाखांतील व्यापारी, वकील, शिक्षक व पत्रकार यांना राजधानीत उतरायला, जेवायला आणि भेटीगाठी घ्यायला स्वतःची जागा नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी १८८२ मध्ये हा क्लब स्थापन झाला. पंतप्रधान विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन (१८०९–९८) हे त्याचे पहिले अध्यक्ष. वर्गणी मुद्दाम बेताची ठेवण्यात आली. सुरुवातीचा कारभार ट्रॅफल्गर चौकाजवळच्या तात्पुरत्या जागेतून चाले. नव्या वास्तूची कोनशिला ४ नोव्हेंबर १८८४ रोजी ग्लॅडस्टन यांच्या हस्ते बसविण्यात आली.

वास्तुरचना : वास्तूचा आराखडा ॲल्फ्रेड वॉटरहाउस (१८३०–१९०५) यांनी केला. मँचेस्टरचे नगरभवन व लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय या त्यांच्या आधीच्या गाजलेल्या कृती. बांधकामाला सुमारे १,६५,००० पौंड खर्च आला. क्लबाचे सभासद हजारोंच्या घरात जाणार आणि त्यांतील बरेचसे परगावचे असणार, हे गृहीत धरूनच रचना करण्यात आली. त्यामुळे जेवणघर, धूम्रपानकक्ष व ग्रंथालय यांच्या जोडीला वरच्या मजल्यांवर सभासदांच्या मुक्कामासाठी मोठ्या संख्येने खोल्या काढाव्या लागल्या. पॅल मॅलवरील जुने क्लब हे शहरी प्रासादाच्या धर्तीचे, दोन-तीन मजल्यांचे होते. त्यांच्या तुलनेत ही वास्तू एखाद्या मोठ्या हॉटेलाएवढी झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबाची वास्तू विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभी राहीपर्यंत लंडनमध्ये याहून मोठे क्लबघर नव्हते.

बाह्यांग पोर्टलंड दगडाचे आहे. उतरती उंच छपरे, कोपऱ्यावरचा मनोरा व कमानदार खिडक्यांच्या रांगा यांतून फ्रेंच प्रबोधनकालीन गढ्यांची आठवण होते. तपशिलात मात्र वॉटरहाउस यांनी अनेक शैलींचे घटक मोकळेपणाने एकत्र केले आहेत. नदीच्या बाजूस लांबरुंद गच्ची असून तेथून बांधावरची उद्याने व थेम्स दिसते.

अंतर्भागाचे वैशिष्ट्य म्हणजे चकाकीच्या भाजीव मातीच्या फरशा. खांब, कमानी व भिंती हिरव्या, तपकिरी व पिवळसर छटांच्या फरशांनी मढविल्या आहेत. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या लंडनमध्ये धुऊन स्वच्छ करता येणारे हे साहित्य वॉटरहाउस यांच्या विशेष आवडीचे होते. मुख्य दालनातून वर चढणारा संगमरवरी वळणदार जिना हा साऱ्या रचनेचा मध्यबिंदू होय. मद्याच्या तळघराचा इतिहास निराळाच आहे. हवेच्या दाबाने डबे ढकलून नदीखालून वॉटर्लूपर्यंत रेल्वे नेण्याची एक योजना १८६५ मध्ये सुरू होऊन तीन वर्षांत बारगळली. तिच्यासाठी खणलेल्या चराचा उपयोग पुढे या तळघरासाठी करण्यात आला.

ग्रंथालय : ग्लॅडस्टन यांच्या नावाचे ग्रंथालय १८८८ मध्ये सुरू झाले. राजकीय इतिहासावरील पुस्तके, पुस्तपत्रे आणि संसदीय उमेदवारांची निवडणूक-पत्रके यांचा त्यातील संग्रह संशोधकांना मोलाचा वाटे. निवडणूक संपली की टाकून दिली जाणारी पत्रके येथे पद्धतशीर जपली गेली. १९७० च्या दशकात आर्थिक अडचणीमुळे हा संग्रह ब्रिस्टल विद्यापीठाला विकण्यात आला.

भारतीय संबंध : लंडनच्या बड्या क्लबांत गौरेतरांना सहसा थारा नसे. नॅशनल लिबरल क्लबाने मात्र १८८० च्या दशकातच दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांना सभासद करून घेतले. १८८६ मध्ये हॉबर्न मतदारसंघातून दादाभाई लिबरल उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले. ब्रिटिश मतदार ‘काळ्या माणसा’ला निवडून देणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी १८८८ मध्ये एडिंबरो येथे काढले. त्यावर इंग्लंडभर टीका झाली आणि पुढच्या वर्षी याच क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ झाला. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते संसदेवर निवडून आले. गोखले (१८६६–१९१५) हिंदुस्थानच्या प्रश्नांसाठी वेळोवेळी इंग्लंडला जात, तेव्हा या क्लबात त्यांचा वावर असे आणि त्यांचा पत्रव्यवहारही येथून चाले. मुहंमद अली जिना हेही क्लबाचे सभासद होते. राष्ट्रसभेच्या (काँग्रेसच्या) मवाळ नेत्यांची सारी भिस्त ब्रिटिश लोकमतावर व लिबरल पक्षावर होती. खासदार, संपादक व मंत्री यांना अनौपचारिकपणे गाठण्याची जागा म्हणून हा क्लब त्यांच्या कामाच्या पद्धतीला सोयीचा होता.

विसाव्या शतकातील वाटचाल : पहिल्या महायुद्धात सरकारने वास्तू ताब्यात घेऊन तेथे कॅनडाच्या सैनिकांची राहण्याची व्यवस्था केली. १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ व लॉइड जॉर्ज या नेत्यांच्या गटांत लिबरल पक्ष दुभंगला आणि ती फूट क्लबातही उतरली. पक्ष सोडून गेलेल्या विन्स्टन चर्चिल यांचे अर्नेस्ट टाउनसेंड यांनी काढलेले तैलचित्र बरीच वर्षे भिंतीवरून उतरवून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल पंतप्रधान असताना ते पुन्हा लावण्यात आले. मे १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात मुख्य जिना उद्ध्वस्त झाला. मूळच्या धर्तीवर तो नव्याने बांधून १९५० मध्ये पूर्ण करण्यात आला.

पक्षाची ताकद घटली तशी सभासदसंख्याही उतरली आणि हजारोंसाठी बांधलेली वास्तू चालविणे जड जाऊ लागले. १९७६ मध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व देण्यात आले. लंडनच्या बड्या पुरुषी क्लबांत असा निर्णय घेणारा हा पहिला क्लब होय. १९८० च्या दशकात वरचे मजले व खोल्या विकण्यात आल्या. तो भाग आता रॉयल हॉर्सगार्ड्स हॉटेलाकडे असून जुन्या ग्रंथालयाच्या दालनात समारंभ होतात. उरलेल्या भागात जेवणघर, धूम्रपानकक्ष व नदीकडची गच्ची यांसह क्लबाचे कामकाज चालू आहे. वास्तूला संरक्षित वारसा-इमारतीचा दर्जा आहे.