नोट छापता येते, जमीन नाही? नाशिक रोडच्या एका वाक्याचा दीडशे वर्षांचा हिशोब

आजचा भाग एकाच वाक्यावर आहे. बिटको चौक असो, जेल रोड असो नाहीतर सिन्नर फाटा, प्लॉटचा विषय निघाला की हे वाक्य येणारच: "नोटा काय, इथे प्रेसमध्ये रोज छापतात. जमीन छापता येते का?"

आमच्याकडे प्रत्येक सोसायटीत जमिनीत पैसा टाकलेले एक तरी काका असतात. त्यांची मतं साधारण तीन असतात. एक, जमीन नव्याने तयार होत नाही, म्हणून भाव वाढतच जाणार. दोन, जागा कधी बुडत नाही, काही नाही तर भाडं तरी येतं. तीन, सरकारने बाजारात हात घालू नये. ऐकायला तिन्ही पटतात. पण माझ्या वयाची, पंचविशी-तिशीतली मुलंमुली आपली पहिली मोठी बचत याच तीन मतांवर लावतात, वर वीस वर्षांचा ईएमआय घेतात. म्हणून म्हटलं, ही मतं इतिहासावर एकदा घासून बघू.

सुरुवात पहिल्या मतापासून. जमीन छापता येत नाही? मुंबईने ती दोनदा "छापली" आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि या पैशाला जागा हवी होती. मग समुद्रात भराव घालून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. सगळ्यात गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० पर्यंत गेला. लक्षात घ्या, जमीन अजून पाण्याखालीच होती. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद, त्या काळातले सगळ्यात मोठे शेअर दलाल. कुठला शेअर घ्यायचा हे लोक त्यांच्याकडे बघून ठरवायचे. बँक ऑफ बॉम्बे शेअरच तारण ठेवून कर्ज देत होती.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपलं. कापूस पडला, आणि १ जुलै १८६५ ला, म्हणजे वायद्याचे सौदे पुरे करायच्या दिवशी, पैसे कुणाकडेच नव्हते. बॅक बेचा शेअर २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ वर आला आणि पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. मजा बघा, जमीन "मर्यादित" आहे म्हणून भाव वाढला, आणि भाव वाढला म्हणूनच लोक नवीन जमीन तयार करायला निघाले.

दुसऱ्या वेळी हेच सरकारने केलं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेचे भाव चढले होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बेवर ११४५ एकर भराव घालायची योजना आणली, त्यासाठी कर्ज उभारलं. काम रखडलं, खर्च फुगला, तोवर जागेचे भाव उतरले. के. एफ. नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले, त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते सुटले. ठरलेल्या जमिनीच्या निम्म्याहून कमी तेव्हा तयार झाली. आज त्याच किनाऱ्यावर मरीन ड्राइव्ह आहे, जवळच नरिमन पॉइंट आहे. म्हणजे जागा "शेवटी" सोन्याची झालीच. पण १९२० मध्ये पैसे घालणाऱ्याला त्या "शेवटी"चा काय उपयोग? जमीन टिकते. ती टिकेपर्यंत आपला ईएमआय टिकला पाहिजे.

आता नोटेकडे येऊ, म्हणजे आमच्या घराजवळ.

नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या सुमारास सुरू झाली, करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडमध्ये छापून जहाजाने यायच्या. जवळपास त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावर लिहीत होते. त्यांचं पुस्तक १९२३ मध्ये आलं आणि पुढे त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा, की चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला मर्यादा घाला. कारण चलन वाढवलं की किमती वाढतात आणि मार बसतो तो पगारावर जगणाऱ्याला.

दुसऱ्या महायुद्धात नेमकं हेच झालं. ब्रिटनने युद्धासाठी भारतात प्रचंड खरेदी केली, त्याबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची उधारी लिहून ठेवली आणि त्या उधारीवर इथे नोटा छापल्या गेल्या. १९३९ ते १९४५ मध्ये चलनातल्या नोटा सहा पटींहून जास्त झाल्या. घाऊक किमती दुपटीच्या वर गेल्या. म्हणजे काकांचं अर्धं वाक्य खरं आहे. नोट खरंच छापता येते, आणि छापली की तिची किंमत उतरते.

पण पुढचं ऐका. महागाई आणि शहरात आलेली गर्दी यामुळे घरभाडी भडकली, म्हणून सरकारने भाड्याला कुलूप लावलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं "स्टँडर्ड रेंट" १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं, मग १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. तीही त्याच जुन्या गोठलेल्या आकड्यावर.

हे झालं दुसऱ्या मताचं उत्तर. जुन्या नाशकातला वाडा डोळ्यासमोर आणा. मोक्याची जागा, मालकी पक्की, पण भाडं इतकं कमी की त्यात एक भिंतही दुरुस्त होत नाही. भाडेकरू सोडत नाही, मालक डागडुजी करत नाही, आणि दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. जागा बुडाली नाही, पण तिच्यातलं उत्पन्न बुडालं. दोन्ही बाजूंच्या माणसांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच.

राहिलं तिसरं मत: सरकारने हात घालू नये. काकांचा राग कुठून येतो ते समजून घेतलं पाहिजे. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, ज्याला सगळे नुसतं "यूएलसी" म्हणतात. शहरात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायची नाही, जास्तीची सरकार घेणार आणि गरिबांची घरं बांधणार. नाशिकलाही तो लागू होता. प्रत्यक्षात जमिनी कोर्टकज्जे आणि सवलतींच्या फाइलींमध्ये अडकल्या, बाजारात येणारी जागा कमी झाली आणि घरं महागच झाली. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. इथे काकांचा मुद्दा रास्त आहे.

पण नाशिक रोडची जमीन महाग झाली कशामुळे? रेल्वेमुळे. १८६० च्या दशकात थळ घाट चढून लोहमार्ग आला, तो गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेला, म्हणून स्टेशनच्या नावात "रोड" आलं. मग स्टेशन ते गाव घोड्यांची ट्राम आली. मग प्रेस, प्रेसच्या वसाहती, एकलहऱ्याचं वीज केंद्र. १९८२ मध्ये नाशिक रोड-देवळाली नगरपालिका नाशिक महापालिकेत आली, तेव्हा नळ, रस्ते आणि डीपी प्लॅन आला. यातली एकही गोष्ट प्लॉटवाल्याने केलेली नाही. शेतातून डीपी रोड जाणार ही खबर आली की गुंठ्याचा भाव एका रात्रीत बदलतो. सरकारचा हात खिशात आला की तो नको, आणि रस्ता घेऊन आला की तो हवा, असं चालत नाही ना!

आता आपला स्वतःचा हिशोब करू. समजा आज ४० लाखांचा प्लॉट घेतला आणि १२ वर्षांनी ८० लाखांना विकला. घरात पेढे वाटले जातील. पण ही वाढ वर्षाला ६ टक्केच आहे. जुलै २०२४ नंतर घेतलेल्या जागेच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, मिळत नाही. ४० लाख नफ्यावर ५ लाख कर गेला, हातात ७५ लाख. महागाई ५ टक्के धरली, तर त्या ७५ लाखांची आजची किंमत होते पावणेबेचाळीस लाखांच्या आसपास. बारा वर्षांत खरी कमाई पावणेदोन लाख. यात स्टँप ड्युटी, दलाली आणि कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. बारकाईने बघा, छापलेल्या नोटेने वाढलेल्या किमतीवरसुद्धा आपण कर भरतोय.

मग जागा घ्यायचीच नाही का? राहायला घर हवं असेल तर तो वेगळा हिशोब आहे, त्यात रोजची झोप आणि आईवडिलांचा आधार धरावा लागतो. पण गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर टोकन द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. या भावात पुढच्या रस्त्याची बातमी आधीच धरली आहे का? भाड्यातून ईएमआयचा किती भाग निघेल? आणि दोन वर्षं नोकरी नसली तर ही जागा पडेल त्या भावात विकावी लागेल का? प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी बघायला पाच मिनिटं लागतात. नुसता प्लॉट असेल तर सातबारा आणि एनए ऑर्डर वकिलाला दाखवा.

१८६५ मध्ये बुडालेले लोक मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे आपल्यासारखंच एक पटणारं वाक्य होतं आणि उधारीचे पैसे होते. काका काय म्हणतात ते जरूर ऐका, त्यांनी चार व्यवहार जास्त बघितलेत. फक्त त्यांनी घेतलं तेव्हा गुंठ्याचा भाव काय होता आणि डोक्यावर कर्ज किती होतं, हेही विचारून घ्या.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात जमिनीबद्दल असंच एखादं वाक्य फिरत असेल तर आम्हाला जरूर कळवा.