एका मुलापुरता आराखडा

गावोगावच्या शाळांना लागू असलेल्या समावेशित शिक्षणाचा, म्हणजे विशेष गरजा असणाऱ्या मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याच्या धोरणाचा इतिहास जपण्याजोगा आहे. १९४४ साली मुंबईत सुरू झालेल्या जय वकील शाळेने बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र शाळेची वाट दाखवली, तर १९७४ च्या केंद्रीय योजनेने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याचे ध्येय ठेवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कायद्याने वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे मुलाची सद्यःस्थिती, वर्षभराची उद्दिष्टे आणि द्यावयाची मदत यांची लेखी नोंद, बंधनकारक केला; ही पद्धत पुढे सर्व शिक्षा अभियानातून भारतीय शाळांत आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वैयक्तिक साहाय्य व प्रगतीची नोंद या दोहोंना कायद्याचे बळ दिले. आराखड्याचे मोल त्याच्या नेमकेपणात असते: ‘गणितात सुधारणा’ या मोघम शब्दांऐवजी ‘चिंचोके मोजून दहापर्यंतची बेरीज करील’ असे लिहिले, तरच शिक्षकाला शिकवण्याची आणि पालकांना पडताळण्याची दिशा मिळते, आणि ते मूल पटावरच्या नावापलीकडे खऱ्या अर्थाने विद्यार्थी ठरते.