रासेलस आणि अवघड शब्दांची शिकवणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेशी नाते सांगणारा पण आठवणींचा नसलेला’ लेख मागितला. आठवणी सांगणारे बरेच आहेत, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आहेत. म्हणून मी विषय घेतला तो आपल्या सगळ्या तुकड्यांना सारखाच छळलेला: इंग्रजीतले अवघड शब्द. ते पाठ कसे करावेत याचे सल्ले आपण भरपूर ऐकले. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात हे काम एक आख्खी कादंबरी वाचून, नव्हे तिचे मराठी करून झाले होते, ही हकिगत मात्र वर्गात कधी निघाली नाही. ती कादंबरी म्हणजे सॅम्युअल जॉन्सनची ‘रासेलस’.

जॉन्सन हा पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. ऑक्सफर्डला गेला आणि पैशाअभावी वर्षभरातच पदवीविना परतला. मग त्याने लिचफिल्डजवळ एडियल येथे शाळा काढली. १७३६-३७च्या सुमारास चाललेल्या या शाळेत विद्यार्थी अगदी मोजके आले आणि शाळा बंद पडली. त्या मोजक्यांत पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट झालेला डेव्हिड गॅरिक होता. शाळा बुडालेला हा मास्तर आणि हा विद्यार्थी दोघेही लंडनला गेले. तिथे जॉन्सनने सुमारे नऊ वर्षे खपून १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश पुरा केला. चाळीस हजारांहून अधिक शब्द, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ पटवायला जुन्या लेखकांची लाखाहून जास्त अवतरणे. शब्दाचा अर्थ वाक्यात कळतो, सुटा कळत नाही, हे कोशकारानेच मान्य केल्यासारखे झाले.

१७५९च्या जानेवारीत त्याची आई वारली. नव्वदीच्या घरातली. अंत्यविधीचा खर्च आणि तिची किरकोळ देणी भागवायला हाती पैसा नव्हता, म्हणून एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून त्याने एक गोष्ट लिहून काढली. तिचे त्याला शंभर पौंड मिळाले आणि दुसऱ्या आवृत्तीचे आणखी पंचवीस. गोष्ट अबिसिनियाच्या राजपुत्राची. सुखाच्या दरीत सगळे असूनही रासेलसला चैन पडत नाही. बहीण नेकाया, तिची मैत्रीण पेकुआ आणि इम्लॅक नावाचा अनुभवी कवी यांना घेऊन तो बाहेर पडतो. माणसाने जगावे तरी कसे, हे विचारत फिरतो आणि कोणाकडूनच समाधानकारक उत्तर मिळत नाही. शेवटच्या प्रकरणाच्या मथळ्यातच लेखक कबूल करतो की यात निष्कर्ष काहीही निघत नाही.

कथानक एवढेच. पण भाषा! पहिल्याच वाक्यात ‘क्रेड्युलिटी’ उभी. दुसऱ्या प्रकरणात ‘व्हिसिसिट्यूड’. उडण्याचे यंत्र करणारा कारागीर पक्ष्यांना सरळ पक्षी म्हणत नाही, ‘व्होलंट’ प्राणी म्हणतो. भावंडांमध्ये लग्न करावे की नाही यावर वाद सुरू झाला की ‘सेलिबसी’ येते. ज्या माणसाने कोशात साध्या जाळीचा अर्थ सांगताना ‘रेटिक्युलेटेड’, ‘डेकसेटेड’ आणि ‘इंटरस्टिसेस’ असे तीन राक्षस एका ओळीत बसवले, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा तरी काय करायची? त्याचा मित्र गोल्डस्मिथ त्याला तोंडावर म्हणाला होता की तुम्ही छोट्या माशांची गोष्ट लिहिलीत तर ते मासे देवमाशांसारखे बोलतील. मेकॉलेचा आक्षेप आणखी नेमका होता. हा गृहस्थ बोलतो सुरेख इंग्रजीत, पण लिहायला बसला की त्या इंग्रजीचे स्वतःच्या एका वेगळ्याच भाषेत भाषांतर करतो, असे त्याचे म्हणणे. बॉस्वेलने याचा नमुनाच नोंदवून ठेवला आहे. एका नाटकाबद्दल जॉन्सन एक छोटे, चटपटीत वाक्य बोलून गेला, लगेच थबकला, आणि तेच मत ‘व्हायटॅलिटी’ आणि ‘प्युट्रिफॅक्शन’ घालून पुन्हा सांगितले.

असे पुस्तक पुण्यात येऊन पोहोचले तेव्हा ते उघडायला हातात काय होते? मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. जाडजूड आणि शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेरचे ग्रंथ. अशा काळात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘रासेलस’चे भाषांतर हाती घेतले. शास्त्रीबुवा विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेत तयार झालेले, इंग्रजी नंतर शिकलेले. आज त्यांचे नाव मुख्यतः ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे निघते. ‘रासेलस’चे काम त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि ते पुरे केले त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी. ‘निबंधमाला’ १८७४ला सुरू झाली. त्याआधीची त्यांची ही घडण आहे.

बाप-लेकाने एकाच पुस्तकाशी झटापट करावी याचे मला फार अप्रूप वाटते. शब्द पाठ करून त्यांचे भागणार नव्हते. ‘व्हिसिसिट्यूड’ला प्रतिशब्द काय? स्थित्यंतर म्हणावे, चढउतार म्हणावे, की पालट? कोशात तिन्ही चालतील, पण राजवाड्यातल्या आळसावलेल्या सुखाचे वर्णन करणाऱ्या वाक्यात एकच बसेल. भाषांतर करणाऱ्याला हा निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावा लागतो. एकदा घेतला की तो शब्द जन्मभर विसरत नाही. परीक्षेसाठी अर्थ घोकणारा या झगड्यापर्यंत पोहोचतच नाही.

शिवाय या पंडितांपाशी एक किल्ली होती, जी आपल्याला क्वचितच कोणी दिली. जॉन्सनचे अवघड शब्द बहुतेक लॅटिन घराण्यातले. उपसर्ग, धातू, प्रत्यय अशी त्यांची बांधणी. संस्कृतात मुरलेल्या माणसाला ही बांधणी ओळखीची वाटणारच. नुसती बांधणीच नव्हे, रक्ताचे नातेही निघते. ‘क्रेड्युलिटी’तले लॅटिन ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ या एकाच आद्य शब्दाच्या दोन लेकी, हे भाषाशास्त्राने पक्के केले आहे. ‘इग्नोरन्स’मधला ‘ग्नो’ आणि ‘अज्ञान’मधला ‘ज्ञा’ हे सख्खे भाऊ. ‘मॉर्टल’ आणि ‘मर्त्य’ तर उच्चारावरूनच कळतात. ‘कंजंक्शन’च्या पोटात ‘युज्’ धातू बसला आहे, म्हणजे संयोगच. आठवी ते दहावी आपण संस्कृतच्या तासाला धातू चालवले आणि पुढच्याच तासाला इंग्रजीचे स्पेलिंग घोकले. दोन तासांच्या मधल्या भिंतीला खिडकी होती, पण ती उघडायची हे अभ्यासक्रमात नव्हते. आपल्या शिक्षकांना यात दोष नाही. पोर्शन संपवायचा होता.

जॉन्सनच्या वाक्यरचनेचाही फायदा आहे. त्याची वाक्ये तराजूसारखी तोललेली असतात. एका पारड्यात अनोळखी शब्द पडला तर दुसऱ्या पारड्यात त्याचा विरोधी किंवा जोडीदार असतो, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. हा तोल पुढे विष्णुशास्त्र्यांच्या मराठीत उतरलेला दिसतो. निबंधमालेतली लांब, दोन्ही बाजूंनी सारखी भार घेत चाललेली वाक्ये वाचली की त्यांनी जॉन्सन आणि मेकॉले किती पचवले होते ते कळते. जॉन्सनवर तर त्यांनी मालेत मोठा चरित्रात्मक निबंधच लिहिला. १८८०च्या १ जानेवारीला त्यांनी टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा शाळेच्या नावात ‘इंग्लिश’ असावे याला ही पार्श्वभूमी आहे. इंग्रजी सत्तेवर सर्वांत कडाडून तुटून पडणारा माणूस इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणत होता, आणि ते दूध प्यायला कष्ट पडतात हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. १८८२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षाआधीच ते गेले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता जुन्या काळाचा गौरव होईल. पंडितांना जे साधले ते सामान्य मुलाला साधत नव्हते. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होता. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि साधे पुस्तकही सुखाने वाचू शकत नाहीत, हे त्याने पाहिले. त्याचे निदान असे की क्रमिक पुस्तकांत नवे शब्द फार दाट पेरलेले असतात आणि त्यांतले कित्येक पुन्हा कधी भेटतही नाहीत. १९२६ साली त्याने द्वैभाषिकतेवरचा आपला ग्रंथ काढला. पुढे अशी वाचनमाला बनवली जिच्यात जुने, दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द अंतराअंतराने आणले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल असे पाहिले. १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. जगभर निघालेल्या सोप्या इंग्रजी आवृत्त्यांमागे ही विचारसरणी आहे. आपल्या शाळेच्या कपाटातली पातळ, चित्रवाली, संक्षिप्त पुस्तके याच कुळातली.

वेस्ट बरोबर होता का? मोजमापे त्याच्या बाजूने आहेत. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने दाखवले की कोशाशिवाय कादंबरी समजायची तर शंभरांतले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ-नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द चालतील. पंधरा झाले की वाचणारा धापा टाकू लागतो. पाचवीत एबीसीडी शिकून दहावीला पोहोचलेल्या आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलाला ‘रासेलस’च्या पानावर किती सापडले असते, हे प्रत्येकाने आपल्यापुरते आठवावे.

तरी त्याच नेशनने सहकाऱ्यांबरोबर केलेला १९७८चा एक प्रयोग मला जास्त आवडतो. अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२च्या कादंबरीत टोळीतल्या पोरांची एक बनावट बोली आहे. दोनशे एकेचाळीस शब्द, बहुतेक रशियनवरून घेतलेले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशांना ती कादंबरी अर्थसूचीशिवाय वाचायला दिली. काही दिवसांनी, आधी न सांगता, नव्वद शब्दांची परीक्षा घेतली. सरासरी तीन चतुर्थांश अर्थ बरोबर आले. कोणी घोकले नव्हते, लिहून काढले नव्हते. शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहिले आणि गोष्ट पुढे जात राहिली. मात्र त्या वाचकांना बाकीचे इंग्रजी येत होते, ही अट नजरेआड करू नये. एकदाच दिसून गेलेला शब्द बहुधा निसटतो.

माझी तक्रार वेस्टवर नाही. तक्रार आहे ती दोन हजार शब्दांच्या पायरीवर आपल्याला आणून सोडले आणि पुढची पायरी दाखवलीच नाही, याबद्दल. संक्षिप्त आवृत्तीनंतर मूळ पुस्तक हातात द्यायचे असते. त्याऐवजी आपल्याला मिळाले गाईड आणि शब्दार्थांची उभी यादी. डाव्या बाजूला इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचे चिन्ह. त्या चिन्हाने आपली समजूत करून दिली की शब्दाला एकच अर्थ असतो. आपल्यातले अनेक जण पुढे अभियंते, डॉक्टर, बँक अधिकारी झाले, कचेरीत इंग्रजीत पत्रे लिहून निवृत्त झाले, आणि तरीही इंग्रजी कादंबरी मौजेखातर उघडायला आजही बिचकतात. हे मी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या गप्पांवरून लिहितो आहे, कोणी रागावू नये.

महाराष्ट्रात २०००पासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाली. नातवंडांचे उच्चार आपल्यापेक्षा चांगले आहेत. वाचनाची पुढची पायरी त्यांना तरी कोणी दाखवते आहे का, हे घरी बघावे लागेल.

ज्यांना आता वेळ आहे त्यांच्यासाठी: ‘रासेलस’ लहान आहे, सव्वाशे पानांच्या आतबाहेर, प्रकरणे जवळजवळ पन्नास आणि एकेक दोन-तीन पानांचे. हक्क कधीच संपलेले असल्याने फुकट मिळते. पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका, तिथेच दम लागतो. सहावे उघडा. त्यात तो कारागीर वर्षभर खपून पंख बनवतो, कड्यावरून झेप घेतो आणि थेट तळ्यात कोसळतो. हवेत ज्यांचा उपयोग झाला नाही ते पंख पाण्यात त्याला तरंगत ठेवतात आणि राजपुत्र त्याला अर्धमेला बाहेर ओढतो. एवढे समजले तर ‘व्होलंट’चा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. पहिल्या वाचनात फक्त अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारावी. दुसऱ्या वाचनात त्यातले जे अजूनही अडतात तेवढेच वीरकरांच्या डिक्शनरीत शोधावेत, आणि एखाद्या परिच्छेदाचे मराठी करून पाहावे. ज्यांच्याकडे संस्कृतची जुनी वही शिल्लक असेल त्यांनी ती जवळ ठेवावी. निवृत्त शिक्षकांपैकी कोणी तपासून द्यायला तयार असतील तर माझी वही मी सर्वांत आधी पाठवतो.