रुसलेलें गिऱ्हाईक आणि बैठकीची लावणी

तमाशाच्या इतिहासांत शाहिरांची नोंद झाली, फडांची झाली. रुसलेल्या प्रेक्षकाची मात्र फारशी कोणी घेतली नाहीं. वास्तविक रात्रीच्या करमणुकीचा धंदा ज्याच्या मर्जीवर उभा, तो हाच मनुष्य होय. पैसे मोजून आलेला, पण मन न रमलेला हा पाहुणा कसा वळविला जात असे, हें पाहिल्यावांचून लावणीचें स्वरूप पुरतें उमगत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ढोलकीच्या फडांत हें काम सोंगाड्याचें. गौळण असो, बतावणी असो वा वग, तो कोठेंहि शिरूं शकतो. समोरून आलेली आरोळी झेलून तिच्यावर कोटी करावी, कीं सगळा प्रेक्षकवर्ग त्याच्या बाजूचा. संगीतबारीची गोष्ट निराळी. तेथें वग नाहीं. पुण्याचें आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणीं निरनिराळ्या पार्ट्या आळीपाळीनें आपली बारी करीत आल्या. आणि खासगी बैठकींत तर चार-दोन गिऱ्हाइकें, पेटी, तबला आणि गाणारी स्त्री एवढाच पसारा. तोंड फिरवून बसलेला मनुष्य तेथें गर्दींत लपत नाहीं.

बैठकीच्या लावणीनें या अडचणीचेंच शास्त्र केलें. एकच ओळ गाणारी पुन्हां पुन्हां घेते. एकदां आर्जव, एकदां लटका राग, एकदां नुसती भुंवई. शब्द तेच, भाव दर खेपेस नवा. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची कीर्ति अशाच बसून केलेल्या अदाकारीची. लावणींतली नायिका रुसलेल्या ‘राया’ची मनधरणी करीत असते, समोरच्या गिऱ्हाइकास न कळत त्या जागीं बसविलें, कीं त्याची नाराजी हाच गाण्याचा विषय होतो. आमच्या मतें ही युक्ति सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाहून सरस आहे. कारण तींत गिऱ्हाइकाचा पाणउतारा होत नाहीं.

परंतु या कलेचा हिशेब दौलतजादेंत होई. नोट दाखविणाराजवळ जाऊन ती घ्यावयाची, त्याची फर्माईश ऐकावयाची. मनधरणी कोठवर करावयाची, हें ठरविण्याची सत्ता त्यामुळें पैसे देणाराकडे जाई. घरच्या अनेक तोंडांचा भार जिच्यावर, त्या कोल्हाटी मुलीस ‘नाहीं’ म्हणणें सोपें नव्हतें.

मुंबईच्या डान्सबारांत दौलतजादेचीच रीत विजेच्या झगमगाटांत आली. २००५ सालीं सरकारनें तेथील नृत्यावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयानें २००६ मध्यें रद्द केली व सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें तो निकाल कायम केला. सरकारनें २०१६ सालीं नवा कायदा केला, तेव्हां वाद पुन्हां त्याच न्यायालयापुढें गेला. २०१९ च्या निकालानें नोटा उधळण्याची मनाई कायम राहिली, बक्षीस हातांत देण्यास मात्र मोकळीक मिळाली. हा भेद कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो वाटत नाहीं. बक्षीस बिलांत मिळवावें, हें बंधनहि न्यायालयानें मानलें नाहीं. म्हणजे खूष झालेल्या गिऱ्हाइकाचा पैसा मालकाच्या गल्ल्यांत न जातां थेट त्या स्त्रीच्या हातीं पडावयाचा.