कलम ६६-अ

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील, आता रद्दबातल ठरलेले कलम. २००८ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणकावरून वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. मात्र आक्षेपार्ह कशाला म्हणायचे, याची व्याख्याच नव्हती. साहजिकच तो निर्णय ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर गेला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट पालघरच्या एका तरुणीने लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. नुसत्या पसंतीदर्शक खुणेला गुन्हा मानण्याचा हा प्रकार लाजिरवाणाच होता. देशभर संताप उसळला. पुढे दोघींविरुद्धचे प्रकरण बंद झाले.

या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) शी विसंगत म्हणून रद्द केले. चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांतील फरक निकालात स्पष्ट झाला. मजकूर रोखण्याचा सरकारचा कलम ६९-अ खालील अधिकार मात्र कायम राहिला. तरीही पोलीस ६६-अ खाली गुन्हे नोंदवीत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे पुन्हा बजावावे लागले.