गोऱ्या, पण साहेबाच्या नव्हेत

आज्जीचं माहेर वाळवा तालुक्यातलं. तेव्हा वाळवा सातारा जिल्ह्यातच होता, आणि गावात गोरा साहेब दिसला की बाया दारं लावून घ्यायच्या. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या प्रतिसरकारच्या पोरांना धरायला पोलीस आलेत, एवढाच त्याचा अर्थ. १९४३ साली ती लग्न होऊन मिरजेला आली. दीर स्टेशनवर चहा विकायचा. त्याचा डबा घेऊन ती गेली, तर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत गोऱ्या बाया फलाटावर बोचक्यांवर बसलेल्या. "एकजण पोराचं डोकं मांडीवर घेऊन उवा काढत होती. गोऱ्यांच्या डोक्यातबी उवा होतात, हे मला तवा कळलं."

त्या पोलंडच्या. १९४० पासून रशियानं त्यांना घरादारातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराण, कराचीमार्गे सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आले. आजारातून उठलेली काही मुलं पाचगणीच्या हवेवर ठेवली होती. खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा.

मग मोठ्यांचं राजकारण झालं. महायुद्ध संपत आलं तेव्हा याल्टाला ब्रिटन, अमेरिका आणि रशियाच्या वाटाघाटींत पोलंडचा पूर्व भाग रशियाला देण्याचं ठरलं. ब्रिटिश संसदेत पंतप्रधान चर्चिलच्याच पक्षातले काही जण उठले, सरकारविरोधात २५ मतं पडली, हेन्री स्ट्रॉस या कनिष्ठ मंत्र्यानं राजीनामा दिला. निर्णय काही बदलला नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं होती ती गावंच आता रशियात गेली होती, आणि पाठीशी उभं असलेलं सरकार कागदावरूनही पुसलं गेलं. मला यात सर्वांत जास्त लागतं ते पुढचं. ज्या बाईचा नवरा, मुलगा किंवा भाऊ ब्रिटिशांच्या बाजूनं लढलेल्या पोलिश फौजेत, तिला इंग्लंडची वाट मोकळी. जिचं असं कुणी नाही, तिनं आफ्रिकेतल्या छावणीत जावं, नाहीतर परत पोलंडला. चार-पाच वर्षं एका चाळीत राहिलेल्या शेजारणी अशा वेगळ्या झाल्या.

१९४८ पर्यंत वळिवडं रिकामं झालं. त्याच बराकींत पाठोपाठ फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते. दीर एक दिवस घरी येऊन म्हणाला, "वैनी, फलाटावर पुन्हा बोचकी आल्यात." आज्जीनं डबा भरला, आणि निघताना कोनाड्यातली फणी पदराला बांधली.